एकोणीस मीटर

आमच्या दोन खोल्यांच्या घरात सगळ्यांत मानाची जागा एका दोराची होती. बाबांच्या खाटेच्या वर, भिंतीतल्या जाड खुंटीवर त्याचं वेटोळं टांगलेलं असे. त्या खुंटीवर दुसरं काही अडकवायचं नाही, दोर खाली उतरवलेला असला तर ओलांडायचा नाही, असा घरात कायदाच होता. मी एकदा त्याच्या मोकळ्या टोकानं दोरीवरच्या उड्या मारल्या, तर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. देवळाकडं न फिरकणारा, पोरांच्या मनगटावर गंडे दिसले की त्यांना फैलावर घेणारा हा माणूस अंबाडीच्या एका दोराला इतका जपतो, याची माय फार थट्टा करायची. "तुमच्या दोराले हार घालू का एखादा?" म्हणायची. बाबा हसायचे नाहीत. दोराच्या बाबतीत त्यांना विनोद कळत नसे.

हा दोर रामाकोन्याच्या माझ्या मामानं वळलेला. मामा दुसऱ्यांच्या शेतावर राबायचा, पण अंबाडी कुजवून, सोलून तिचे दोर वळण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. बाबा पांढुर्ण्याच्या कॉलेजात खेळ शिकवायचे. खेळ म्हणजे धावणं, उड्या, गोळाफेक, ज्याला फारसं सामान लागत नाही ते सगळं. ते लागले त्या वर्षी कॉलेजकडं काळ्या मातीचं एक मोठं मैदान होतं आणि त्यावर गुडघाभर गवत. धावपट्टी नाही, मोजायला टेपही नाही. तेव्हा सडकेच्या कामावर आलेल्या एका ओव्हरसियरला गळ घालून बाबांनी त्याचा पोलादी टेप एका दुपारपुरता मिळवला. त्या दुपारी त्यांनी मैदानाच्या दोन टोकांना दोन दगड गाडले आणि मामाच्या दोरावर साडेछत्तीस मीटर मोजून तिथं मायच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी घट्ट बांधली. दोराचं टोक दगडाशी अडकवायचं, दोर ताणायचा, चिंधीपाशी चुन्याचा डबा धरायचा आणि दगडाभोवती फिरायचं. या टोकाला अर्धं वर्तुळ, त्या टोकाला अर्धं वर्तुळ, मध्ये दोन सरळ रेघा. एक फेरी म्हणजे बरोबर चारशे मीटर. पावसाळ्यात बहुतेक पुसून जाई, दिवाळीनंतर गवत कापून बाबा पुन्हा त्याच दोरानं पट्टी आखत. टेप मात्र पुन्हा कधी कोणी मागितला नाही. दोर होता ना.

आखणीच्या आधी दोर भिजवायचा, हा दुसरा कायदा. माझे आजोबा जन्मभर सालदार होते, मालकाच्या बैलांचे दोर पोळ्याच्या आधी नदीत भिजवून ते सावलीत वाळवायचे, म्हणजे दोर नरम पडतो आणि ऐन ताणात तुटत नाही. बाबांनी शाळा केली, कॉलेज केलं, नागपूरला जाऊन खेळाचं शिक्षण घेतलं, पण दोराच्या बाबतीत ते आजोबांचेच चिरंजीव राहिले. दरवर्षी जाम नदीच्या पाण्यात दोर दिवसभर बुडवून ठेवायचा, वर दगड ठेवायचा, मग घरी आणून आमच्या दाराच्या खांबापासून विहिरीजवळच्या निंबापर्यंत ताणून वाळवायचा. तो वाळेपर्यंत माय त्यावर गोधड्या टाकायची आणि बाबा तिच्यावर ओरडायचे.

आमचा दिवस कापसाच्या जिनिंगच्या भोंग्याबरोबर उठायचा. भोंगा, मग इटारसीकडं जाणारी मालगाडी, मग बाबांची शिट्टी. संत्र्याचा हंगाम असला की माय सकाळीच मंडीत पेट्या भरायला जायची, संध्याकाळी आली की तिच्या अंगाला तणसाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास असे. जेवायला भाकर, आणि कण्या घालून केलेली अंबाडीची आंबट भाजी. मी म्हणायची, याच अंबाडीचा दोर वर टांगलाय आणि हीच ताटात, आपण आता तिसऱ्या ठिकाणी ती कुठं लावणार? बाबा म्हणायचे, "खाय गुमान. धावणाऱ्या पोरीनं तोंड कमी चालवाव." मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आठशे मीटर धावायची. तिगावहून रोज गाडीनं येणारी कुसुमही तेच धावायची. तिच्या बापाची संत्र्याची बाग होती आणि पोरगी चड्डी घालून धावते हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नव्हतं.

बाबांची नोकरी 'तदर्थ' होती. हा शब्द मी चालायला शिकल्यापासून ऐकत आले असेन असं वाटतं, पण खरं तर तो या नोकरीबरोबरच घरात आला. तदर्थ म्हणजे जुलैत पत्र यायचं आणि परीक्षा संपल्या की नोकरीही संपायची. पुढच्या जुलैत पुन्हा पत्र येईल की नाही, हे उन्हाळाभर कोणी बोलून दाखवत नसे. माय फक्त पोस्टमन गल्लीत शिरला की हातातलं काम थांबवायची. पण बाबांकडं दाखवायला एक गोष्ट होती. कॉलेजच्या वऱ्हांड्यातल्या भिंतीवर काळ्या रंगाचा मोठा चौकोन होता, त्यावर पांढऱ्या अक्षरात महाविद्यालयाचे विक्रम. गेली पाच वर्षं दर हिवाळ्यात तो फळा पुन्हा रंगवावा लागत होता, कारण दर हिवाळ्यात पोरं-पोरी आधीच्यापेक्षा जोरात धावत होती. गेल्या वर्षीचं मुलींच्या आठशे मीटरसमोरचं नाव माझं होतं. बाबांची एक मेणकापडी वही होती, तिच्यात प्रत्येक पोराची प्रत्येक वेळ लिहिलेली. जेवणं झाली की ते ती उघडायचे आणि मागची पानं पुढच्या पानांशी ताडून बघायचे. ते सुखी दिसायचे असे दिवसातले ते एवढेच क्षण.

त्या फळ्याच्या जोरावर त्या वर्षी विभागातल्या कॉलेजांच्या स्पर्धा पांढुर्ण्याला मिळाल्या. संस्थेच्या अध्यक्षांनी बाबांना बोलावून सांगितलं, स्पर्धेची तयारी नीट करा, उद्घाटनालाच तुम्हाला नियमित केल्याचं मी जाहीर करतो. बाबा घरी आले आणि खाटेवर बसून राहिले. मायनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "पक्की करून राहिले." मायनं पदरानं तोंड पुसलं आणि लगेच चुलीकडं वळली. आनंद झाला की ती अशीच पाठ फिरवायची.

दिवाळीच्या सुट्टीत मी सौंसरला मावशीकडं गेले होते. सराव बुडू नये म्हणून तिथल्या शाळेच्या मैदानावर धावायची, आणि तिथले खेळाचे सर, बाबांचे जुने मित्र, वेळ घ्यायचे. पहिल्या दिवशी माझी वेळ फळ्यावरच्यापेक्षा तीन सेकंद जास्त आली. मला वाटलं, फराळाचा परिणाम. दुसऱ्या दिवशी तेवढीच. आठव्या दिवशीही तेवढीच. ते सर हसून म्हणाले, "तुया बापाचं घड्याळ आळशी दिसते." परत येऊन बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्याचं घड्याळ घाई करून राहिलं असन. तो स्वतःच कवा वेळेवर आला?" दोन्ही घड्याळं बिचारी बरोबर होती. पण त्या दिवशी मी बाबांचं म्हणणं ऐकलं, आणि मनात मात्र भीतीनं घर केलं की मी कच्ची पडले आहे.

स्पर्धेला पाच दिवस होते तेव्हा बाबांनी दोर भिजवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारापासून निंबापर्यंत ताणला. ते कॉलेजात गेले. माय मंडीत जायच्या आधी दोन गोधड्या घेऊन बाहेर आली, एक टाकली, दुसरी टाकायला निंबापर्यंत गेली आणि तिथं थबकली. "हे चिंधी पहिले निंबाले टेकत होती, शीला," ती म्हणाली. "मी पहिल्या साली तिच्यात खोडाची साल अडकली म्हून झटकली होती. आता पाय, केवढी मागं आली. झाड सरकते का काय बाप्पा?" आणि हसत हसत निघून गेली. मी दात घासत उभी होते. चिंधी निंबाच्या खोडापासून चांगली तीन हात अलीकडं लोंबत होती. तोंडातली राख तशीच राहिली. झाड सरकत नाही, एवढं मला कळत होतं.

मी कॉलेजला गेले नाही. स्टेशनावर जाऊन कुसुमला गाठलं आणि तिच्या ओळखीच्या कापडवाल्याकडून कापड मोजायची लोखंडी मीटरपट्टी मागून आणली. त्याला सांगितलं, पडदे शिवायचे आहेत. दोर जमिनीवर उतरवून ताणला, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती, आणि खडूच्या खुणा करत करत आम्ही मोजलं. पस्तीस. कुसुम म्हणाली, चुकलं असेल. पुन्हा मोजलं. पस्तीस, आणि वर बोटभर. दर वर्षी दोर भिजत होता, वाळत होता, आणि दर वर्षी वीतभर आखूड होऊन खुंटीवर जात होता. मी माझ्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. एका फेरीत साडेनऊ मीटर कमी. आठशे मीटरच्या दोन फेऱ्यांत एकोणीस मीटर कमी. कुसुमनं ते पान वाचलं आणि हळूच म्हणाली, "म्हंजे आपण कोणीच सुधारलो नाई? नुसतं मैदान लहान होऊन राहिलं?" मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली, कारण मीही तोच विचार करत होते, आणि माझ्यापुढं कुसुमचा नाही तर बाबांचा चेहरा होता, वही उघडून बसलेला.

आता या वयात कोणी मला विचारलं की तुम्ही तेव्हाच धावत जाऊन का सांगितलं नाही, तर त्याला मी म्हणेन, बाबा रे, तू कधी तदर्थ माणसाच्या घरात राहिला नाहीस. मी संध्याकाळी मायला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, दोन वेळा 'मंग?' म्हणून विचारलं, आणि म्हणाली, "साऱ्या पोरी त्याच मैदानावर धावतीन ना? तुयी बी अन् त्यायची बी. कोणाचं काय जाते? पाच दिवस तोंड बंद ठेव. नोकरी पक्की होऊ दे, मंग सांग, मंग बाबा हसतीन बी." तिचं चुकलं असं मला अजूनही म्हणवत नाही. पोस्टमन आला की जिचे हात थांबायचे तिनं दुसरं काय सांगावं? मी तोंड बंद ठेवलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. स्पर्धेला विद्यापीठाचे निरीक्षक टेप घेऊन येणार, ही धास्ती वेगळीच. रोज रात्रीच्या जेवणाला बाबा वहीतलं काहीतरी वाचून दाखवायचे. अमक्या पोरानं पहिल्या वर्षी किती घेतले, आता किती. "हे नुसतं पायाचं काम नोहे, शीला. शिस्तीचं काम हाय." मला वाटायचं, मी ताटावरून उठले तर सगळं तोंडून बाहेर पडेल, म्हणून मी खात राहायची. त्या तीन दिवसांत मी आयुष्यात कधी खाल्ल्या नसतील इतक्या भाकरी खाल्ल्या.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, दिवस उगवता उगवता, बाबा मला घेऊन मैदानावर गेले. आखणीला दरवेळी एक जण दोर धरायला लागे, आणि त्या वेळी त्यांनी माझीच निवड केली होती. थंडी होती, चुन्याच्या पोत्यावर दव पडलेलं. त्यांनी दगडाशी टोक अडकवलं, चिंधी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ताण." मी ताणला नाही. ते पुन्हा म्हणाले, "ताण ना. हातात जोर नाई का?" मी म्हटलं, "बाबा, दोर आखूड झाला."

त्यांना आधी वाटलं, गाठ पडली आहे. मग मी सगळं सांगितलं, निंबाचं, मीटरपट्टीचं, सौंसरचं. बाबा लाल झाले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते ओरडले नाहीत हे जास्त वाईट होतं. "उद्याची भीती वाटून राहिली तुले," ते म्हणाले. "सौंसरले तीन सेकंद गेले, आता दोराचं कारण काढून राहिली. माया पोरीनं असं कराव?" मी दप्तरातून मीटरपट्टी काढली. कापडवाल्याला मी ती अजून परत केली नव्हती, रोज सोबत वागवत होते, का ते मला सांगता आलं नसतं. मी ती त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली, गुडघे टेकले आणि दोराच्या कडेनं मोजायला सुरुवात केली. मोठ्यानं मोजत होते. वीसपर्यंत आवाज खणखणीत होता. तिशीनंतर हळू झाला. पस्तिसाव्याला ते चिंधीपाशी आले.

ते तिथंच ओल्या गवतावर बसले. शर्टाच्या खालच्या खिशात वही असायची, तिच्यावर त्यांनी हात ठेवला, पण ती बाहेर काढली नाही. दूर रुळांवरून एक गाडी गेली. मला वाटलं, आता ते विचारतील, तुला कधी कळलं. त्यांनी ते विचारलं नाही. ते उठले, मीटरपट्टीनं साडेछत्तीस मोजलं, जुनी चिंधी सोडली आणि नव्या जागी बांधली. शेवटची गाठ त्यांनी मला मारायला लावली. मग आम्ही आखणी केली, दुपारपर्यंत. नवी रेघ जुन्या रेघेच्या बाहेरून जात होती. गेल्या वर्षीच्या चुन्याचा फिकट पांढरा माग जिथं जिथं मातीत राहिला होता, तिथं तिथं दोन्हींमधली मोकळी जागा दिसायची, आणि बाबा तिच्याकडं न बघता चालायचे.

पट्टी खरी झाली, तेव्हा मला वाटलं संपलं. दुपारी बाबा प्राचार्यांकडं गेले, मलाही नेलं. प्राचार्य भला माणूस होता, हिंदी-मराठीची खिचडी बोलायचा. त्यानं सगळं ऐकलं आणि दार लोटून घेतलं. "मेश्रामजी, ट्रॅक बरोबर झाला ना? बस. हो गया. आता फळ्याचं कशाला काढता? उद्या अध्यक्षसाहेब त्याच फळ्यासमोर तुमची घोषणा करणार आहेत. दो दिन रुक जाइए. नंतर आपण हळूच रंगवून टाकू." बाबा म्हणाले, "साहेब, उद्या बाहेरगावच्या पोरी येतीन. त्या फळ्यावरचं वाचतीन अन् घाबरतीन. खोट्याले घाबरतीन." प्राचार्य माझ्याकडं बघून म्हणाले, "बेटी, तू तरी समजाव." मी खाली बघितलं. त्यांनी हात जोडले आणि फाईल उघडली.

बाबा मैदानावर परत गेले, डब्यात उरलेला चुना पाण्यात कालवला आणि चिंध्यांचा बोळा घेऊन वऱ्हांड्यात आले. वर्ग सुटत होते. पोरं जमली. बाबांनी कोणाकडं लक्ष दिलं नाही. वरून खाली, एकेक ओळ, पाच वर्षांची सगळी नावं त्यांनी पांढऱ्या चुन्याखाली बुजवली. माझं नाव खालून तिसरं होतं. ते आलं तेव्हा त्यांचा हात क्षणभर थांबला, आणि मग तिथंही फिरला. मला रडू आलं. नाव गेलं म्हणून आलं, उगाच मोठेपणा कशाला सांगू? मी एकोणीस वर्षांची होते आणि माझं नाव भिंतीवर असायचा मला फार अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. हार झाले, संत्र्यांच्या करंड्या झाल्या. वऱ्हांड्यातून जाताना ते पांढऱ्या भिंतीपुढं थांबले आणि काय झालं म्हणून विचारलं. प्राचार्यांनी सावरायला तोंड उघडलं, पण बाबांनीच सांगून टाकलं, "दोर आखूड होता साहेब. मायी चूक. पाच वर्षांच्या वेळा खोट्या हायेत." अध्यक्षांनी बाबांकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "अस्सं," आणि पुढं गेले. भाषणात त्यांनी खेळाचं महत्त्व सांगितलं, कापसाच्या भावाबद्दल सांगितलं, बाबांचं नाव घेतलं नाही. माय बायकांमध्ये मागं बसली होती, त्या दिवसापुरता मंडीचा खाडा करून. भाषण संपून टाळ्या पडल्या तशी ती उठली आणि घरी निघून गेली. आणि विद्यापीठाकडून आलेले निरीक्षक, ज्यांच्या टेपची धास्ती घेऊन मी तीन दिवस भाकरी गिळल्या होत्या, त्यांनी टेप पिशवीतून काढलासुद्धा नाही. मंडपात बसून त्यांनी चहा घेतला आणि मैदान उत्तम आहे असा शेरा लिहिला.

माझी शर्यत दुपारी होती. आठ जणी होतो. बाबा नेहमी शेवटच्या रेघेपाशी घड्याळ घेऊन उभे असायचे, पण त्या दिवशी घड्याळं पाहुण्यांकडं होती. मी उभी राहिले तेव्हा मला दिसलं, की ते रेघेपाशी नाहीतच. रेघेच्या अलीकडं, सरळ पट्टीच्या कडेला, एक वीट ठेवून तिच्याजवळ उभे आहेत. का ते मला कळलं नाही. बार उडाला. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत शेवटच्या वळणावर मी पुढं निघाले. सरळ पट्टीला लागले तेव्हा माझ्यापुढं कोणी नव्हतं, आणि मला वाटलं, भिंतीवर नाव पुन्हा येणार. मग एकाएकी पाय गेले. दम संपला असं नाही, पायांनीच ठरवलं, झालं. आखूड पट्टीवर त्यांना जिथं थांबायची सवय लागली होती तिथं ते आले होते, आणि रेघ अजून पुढं होती. डाव्या बाजूला वीट होती. विटेजवळ बाबा होते. शर्यत चालू असताना पोरांना ओरडून सांगणं त्यांना कधी पसंत नसे, पण ते वाकून, हाताचा भोंगा न करता, अगदी जवळून, जेवताना सांगावं तसं म्हणाले, "अजून हाय, शीला. अजून हाय."

एकोणीस मीटर. मी ते कसे धावले मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की छिंदवाड्याकडची एक उंच मुलगी माझ्या खांद्याजवळून पुढं गेली आणि मागून येणारी कुसुम नाही गेली. मी दुसरी आले. पाहुण्यांच्या घड्याळावरची माझी वेळ सौंसरच्या घड्याळाशी जुळली.

घरी गेलो तर मायनं दोर खुंटीवरून काढून अंगणात बांधला होता आणि त्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या घातल्या होत्या. बाबा ओरडले नाहीत. ती आमच्या दोघांशीही आठवडाभर बोलली नाही, वाढायची आणि पाठ फिरवायची, पण आता ती आनंदाची पाठ नव्हती. बाबांच्या हातात नियमित नोकरीचं पत्र पडलं तेव्हा मी स्वतः दुसऱ्या गावात कॉलेजच्या पोरींना धावणं शिकवू लागले होते. ते पत्र येईपर्यंत दर उन्हाळ्यात पोस्टमन गल्लीत शिरला की मायचे हात थांबत राहिले, आणि त्यात माझाही वाटा होता, हे मी कधी विसरले नाही.

शर्यतीच्या त्या दिवशी दिवेलागणीला बाबांनी वही उघडली. मला वाटलं, फाडतील. त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि प्रत्येक पानाच्या वर बारीक अक्षरात लिहीत गेले, 'अंतर माहीत नाही'. पाच वर्षांची पानं. मी कंदिलाची काच पुसत बसले होते. बऱ्याच वेळानं मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुले कवा समजलं?"

"चार दिवस झाले."

"चार दिवस." ते लिहीत राहिले. "मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमची नोकरी पक्की होऊन राहिली होती, बाबा."

शेवटचं पान लिहून झालं, मग त्यांनी कोरं पान काढलं. वर 'आठशे मीटर' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. माझं नाव लिहिलं, वेळ लिहिली. मग वही माझ्यापुढं फिरवली, मी वाचेपर्यंत ते थांबले, आणि म्हणाले, "हे पयलं. याच्या मागचं काही नाई. उद्या पाच वाजता मैदानावर ये. कुसुमलेही सांग."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गेलो तेव्हा वीट तिथंच होती. पुढं मी ज्या ज्या कॉलेजात शिकवलं, तिथल्या मैदानावर तशी एक वीट ठेवली. पोरी विचारायच्या, मॅडम, सगळे सर रेघेपाशी उभे राहतात, तुम्ही इतक्या अलीकडं का? मी कोणाला काही सांगितलं नाही. त्या विटेपाशी आल्या, त्यांचे पाय जड व्हायला लागले, की मी वाकायची आणि हळू आवाजात म्हणायची, अजून हाय.